मेलेला गादा सांगायचा कुणाला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

देवमाशांच्या शिकारीवर आपल्या दैनिकात महिनाभर येत असलेली पत्रं मी सगळी वाचली. एका गृहस्थांनी प्राणीप्रेमींना रिकामटेकडे म्हटलंय. एका बाईंनी अख्ख्या जपानला राक्षस ठरवलंय. परवाच्या अंकात एक प्राध्यापक लिहितात, की हा भावनेचा नाही, विज्ञानाचा प्रश्न आहे आणि आपल्याशी त्याचा संबंधही नाही. तिघांपैकी कुणाच्या हाताला मेलेल्या जनावराचा वास लागलेला नसावा. माझ्या हाताला लागलाय, देवमाशाचा आणि गाद्याचाही (गादा म्हणजे शहरातल्या माणसांचा डॉल्फिन), म्हणून लिहितो.

मी गुहागर तालुक्यातला. एकेचाळीस वर्षं समुद्रात काढली, त्यातली शेवटची बावीस तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, म्हणून. गुडघे गेले तशी होडी मुलाकडे दिली. आता थंडीत पहाटे पुळणीवर कासवाची घरटी शोधत फिरतो. सरकारी भाषेत आम्हाला कासवमित्र म्हणतात. लहानपणी हीच अंडी आम्ही उकडून खायचो, त्याला सरकारी भाषेत काय म्हणतात ते मी विचारलेलं नाही.

प्राध्यापकांचा मुद्दा आधी घेतो. धाकटी मुलगी वकिली शिकते, तिच्याकडून सगळं समजून घेतलं. 1946 च्या देवमासेमारीच्या करारात आठवं कलम आहे. संशोधनासाठी देवमासे मारायचा परवाना ज्या त्या देशाने स्वतःच स्वतःला द्यायचा, आणि मारलेलं जनावर होईल तितकं उपयोगात आणायचं, असं त्यात आहे. म्हणजे संशोधनाचं मांस बाजारात विकलं म्हणून जी ओरड होते, तिच्यात दम नाही. फुकट घालवू नका हे करारच सांगतो, आणि मारलेलं फेकणं आम्हालाही पाप वाटतं. पण पुढचं बघा. 1982 ला देवमासेमारीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने धंद्याची शिकार थांबवायचं ठरवलं, 1986 च्या सुमारास बंदी लागू झाली आणि 1987 ला जपानची माणसं अंटार्क्टिकाकडे निघाली ती संशोधनाला! पुढे तर बोटीच्या अंगावर मोठ्ठ्या इंग्रजी अक्षरांत 'रिसर्च' रंगवलेलं असायचं. उपासाच्या नावाखाली साबुदाण्याची परात रिकामी करणारी माणसं आपल्याकडेही असतात.

ऑस्ट्रेलियाने 2010 मध्ये हे प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलं. 31 मार्च 2014 ला 12 विरुद्ध 4 मतांनी निकाल जपानच्या विरोधात गेला. त्या बारांत आपले न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते, पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. तेव्हा 'संबंध नाही' हे तिथेही खरं नाही. दरवर्षी साडेआठशेच्या आसपास मिंके जातीचे देवमासे मारायचं त्या कार्यक्रमाचं उद्दिष्ट होतं. 2005 पासून सुमारे 3600 मारून झाले होते. त्यातून निघालं काय, असं न्यायालयाने विचारलं, तर जाणकारांनी तपासून छापलेले निबंध दाखवता आले दोन, आणि त्या दोहोंत मिळून वापरलेले देवमासे नऊ.

मुलीला मी हा आकडा परत वाचायला लावला. नऊ.

बाजारात मासळी ताजी आहे का बघायला बाई एका बांगड्याचा कल्ला उचलून बघते, डालं उपडं करत नाही.

मात्र मारून संशोधन करूच नये, असं न्यायालयाने म्हटलेलं नाही, हे बाईंनीही ध्यानात घ्यावं. न्यायालयाने चूक काढली ती एवढे कशाला लागतात याचा हिशेब नाही, ही. काही गोष्टी मेलेल्या देवमाशातच कळतात. याच्या कानात मेणासारखा मळाचा खडा साचत जातो. तो कापला की लाकडाच्या ओंडक्यासारखी वलयं दिसतात आणि ती मोजून वय काढतात. जिवंत देवमाशाच्या कानात कोण हात घालणार? जपानी शास्त्रज्ञांचं एवढं म्हणणं मी मान्य करतो.

प्राध्यापकांना वाटतं हे सगळं पृथ्वीच्या बुडाशी चाललंय. आपल्या अरबी समुद्रातलं ऐका. 1966 च्या नोव्हेंबरमध्ये, मी आठ-नऊ वर्षांचा असेन, सोव्हिएत ताफ्यांनी ओमानपासून पाकिस्तान आणि आपल्या वायव्य किनाऱ्यापर्यंत दोनशेहून जास्त कुबडे देवमासे मारले. चोरून. आयोगाला खोटे आकडे कळवले. सोव्हिएत राज्य बुडाल्यावर ते बाहेर आलं. 1997 मध्ये यूरी मिखालेव्ह या त्यांच्याच जीवशास्त्रज्ञाने सगळं छापलं. माद्यांच्या पोटातले गर्भ मोजले होते, जठरं फाडून आत काय आहे ते पाहिलं होतं. त्यावरून कळलं की हे देवमासे अंटार्क्टिकाला जातच नाहीत. ते अरबी समुद्रातच राहतात, इथेच खातात, इथेच वितात. जगात असा कळप दुसरा नाही. ज्या शिकारीमुळे हे कळलं त्याच शिकारीने तो मोडला. आज ओमानच्या बाजूला शंभरही उरले नसावेत असा अंदाज आहे.

आणि त्याच कळपातली दुसरी गोष्ट. 2017 मध्ये ओमानला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं. तिचं नाव लुबान, म्हणजे आपला लोबान. ती अरबी समुद्र ओलांडून थेट दक्षिण भारताच्या टोकाशी आली आणि माणसं घरी बसून तिची वाट बघत होती. आमच्या वेळास, आंजर्ले, गुहागरच्या कासवांना 2022 मध्ये अशीच यंत्रं लावली. अंडी घालून झाल्यावर ती कुठे जातात हे बापजन्मात आम्हाला माहीत नव्हतं. रक्ताचा थेंब न सांडता कळलं.

प्राणीप्रेमींबद्दलही मनात आहे ते लिहितो. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं तेव्हा माणसं कशी राबली ते सगळ्यांनी पाहिलं. त्याला ओढून पाण्यात नेलं. ते वाचलं नाही, पण त्या माणसांना रिकामटेकडे म्हणणाऱ्याने एक रात्र भरतीच्या पाण्यात उभं राहून बघावं. अंटार्क्टिकात जपानी बोटींना आडवे जाणारे सी शेफर्डवाले मात्र मला पचत नाहीत. त्यांनी बोटींवर आंबलेल्या लोण्याच्या वासाच्या ॲसिडच्या बाटल्या फेकल्या, ते एकवेळ सोडा. दुसऱ्याच्या बोटीच्या पंख्यात दोर अडकवायला बघणं हे तांडेलाला ऐकवत नाही. पंख्यात जाळं गेलेली होडी मी वाऱ्यावर वाहताना अनुभवली आहे, ती दाभोळच्या तोंडाशी, उन्हाळ्यात. अंटार्क्टिकात पाण्यात पडलेला माणूस काही मिनिटांचा सोबती. जानेवारी 2010 मध्ये त्यांची एक वेगवान बोट जपानी जहाजाशी टकरून फुटली, जीव वाचले हे नशीब. त्यांचे संस्थापक पॉल वॉटसन यांना 2024 मध्ये ग्रीनलंडला पाचेक महिने अडकवून ठेवलं आणि मग सोडलं. जपान तर 2019 मध्येच आयोगातून बाहेर पडला, अंटार्क्टिका सोडलं आणि आता स्वतःच्या हद्दीत उघडपणे धंदा म्हणून मारतो. निदान पाटी तरी खरी लागली.

इतकं लिहूनही मूळ सांगायचं होतं ते अजून बाजूलाच आहे. ते जरा अवघड आहे, म्हणून नाव छापू नये ही विनंती.

माझ्याकडे वही आहे. वारा, पाणी, मासळी, डिझेल. त्यात 2009 च्या कार्तिक वद्य पंचमीला एक ओळ आहे. भांगाचं पाणी होतं, म्हणजे भरती-ओहोटीला जोर नव्हता. पहाटे जाळं ओढायला घेतलं ते जड आलं. मुशी (शार्क) असेल म्हणून पोरं खुशीत. बल्बच्या उजेडात आधी पाठीवरचं कुबड वर आलं, मग ती लांब चोच. गादा. मासा कधी बुडून मरतो का? हा मरतो, कारण याला श्वासाला वर यावं लागतं. मादी होती. कातडी ट्यूबच्या रबरासारखी आणि अजून ऊन. सोडवताना खलाशाचा हात पोटाखाली दाबला गेला तसं फटीतून दूध आलं. घट्ट, पांढरं. फळीवरच्या खाऱ्या पाण्यात ते सावकाश पसरत गेलं. आम्ही सगळे गप्प. तेवढ्यात काळोखात होडीच्या आसपास फुस्स, फुस्स असा बारीक आवाज यायला लागला. म्हातारा खलाशी म्हणाला, "तांडेल, पोर हाय तिचं हितंच."

मी काय केलं? जाळं कापलं, तिला पाण्यात सोडली आणि बंदरात तोंड शिवून उतरलो. आदल्याच वर्षी शेजारच्या गावातल्या एकाने मेलेलं कासव जाळ्यात आलं म्हणून प्रामाणिकपणे कळवलं होतं. भर हंगामात त्याला जबाबासाठी चार फेऱ्या मारायला लावल्या आणि होडी जप्त होईल म्हणून भीती घातली ती वेगळीच. वन्यजीव कायदा असावा, त्याबद्दल वाद नाही. पण त्या दिवसापासून आमच्या बंदरात मेलेलं जनावर कुणाला सापडत नाही. मुळी सापडतच नाही.

ते दूध म्हणजे काय होतं, हे मिखालेव्हचं काम मुलीने समजावलं तेव्हा कळलं. गुहागरसमोर कार्तिकात गाद्याची मादी पाजणारी असते, ही माहिती होती. सोव्हिएत बोटींनी दोनशे जीव घेतल्यावर जी माहिती हाती आली, जपानने जिच्या नावावर 3600 मारले, तसली माहिती आमच्या जाळ्यांत कुणाच्या इराद्याशिवाय येते, आणि आम्ही ती भीतीपोटी रात्रीच्या रात्री समुद्रात लोटतो. मग कुणी म्हणतं, कोकणातल्या गाद्यांवर अभ्यास कमी आहे. असणारच! देवमाशाच्या 'उलटी'चा किलोचा भाव गावातल्या पोरांना पाठ आहे (ती उलटी नसून आतड्यातला खडा असतो, आपल्या वार्ताहरांना सांगावं). गादा कुठल्या महिन्यात वितो ते कुणाला विचारा.

कळवलं तरी काय होतं त्याचाही अनुभव आहे. 2017 च्या पावसाळ्यात आमच्या पुळणीवर कुजलेला देवमासा लागला. संशोधनाची म्हणून तीन माणसं आली. कोयता माझा, कापलंही मीच. चामडीचा आणि चरबीचा तुकडा बाटलीत घातला, बाटलीला पट्टी चिकटवून तारीख मी माझ्या हाताने लिहिली. "काय ते कळवतो काका," म्हणाले. धड जेसीबीने पुरलं. कळवणं राहिलं ते राहिलंच. जपानने निदान दोन निबंध छापले.

डिसेंबर 2018 पासून सरकारची एक योजना आहे. जाळं कापून कासव, गादा असं संरक्षित जनावर जिवंत सोडलं आणि फोटो दाखवले, तर पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. माझ्या मुलाला मिळाली, उशिरा पण मिळाली. तेव्हापासून त्याच्या होडीवर सुरी हाताशी असते. भीती काढली की माणूस सरळ वागतो, याला आणखी पुरावा नको. तशीच सोय मेलेल्या जनावराची करा. मच्छीमार सोसायटीत एक नंबर लावा. जाळ्यात मेलेला गादा आणणाऱ्याला त्या दिवशी कुणी जबाब विचारू नये. अर्ध्या तासात माप घ्या, पोट बघा, दात काढा आणि आणणाऱ्याला त्याची मासळी घेऊन बाजारात जाऊ द्या. आणि जे कळेल ते मराठीत, डिझेलच्या कोट्याचा कागद लागतो त्याच फळ्यावर लावा. उगाच मारून आणणारे निघतील, अशी शंका कुणी काढेल. गाद्याला बाजार नाही, जाळं फाटतं आणि रात्र फुकट जाते. असला धंदा कोण करील?

माझ्या वहीत गादे आणि कासवं मिळून अशा अकरा नोंदी आहेत, तिथी आणि पाण्यासकट. कुणा अभ्यासकाला हव्या असतील तर आपल्या कार्यालयातून माझा पत्ता घ्यावा, ओहोटीची वेळ सोडून मी घरीच असतो. आणि 2017 ची ती बाटली ज्या कुणाच्या कपाटात असेल त्यांनी एवढंच कळवावं, की तो देवमासा कुठल्या जातीचा होता.

आपला,
एक निवृत्त तांडेल
ता. गुहागर, जि. रत्नागिरी