शाईतला कॉनन

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

चित्रकार बॅरी स्मिथ मालिका सोडून गेल्यावर कॉनन या रानटी योद्ध्याच्या कॉमिक्समध्ये राम उरला नाही, असे तू इतक्या ठामपणे लिहिले आहेस की, सविस्तर उत्तर देणे मला भागच आहे.

स्मिथची थोरवी मला मान्य आहे. १९७० साली मार्व्हलने ही मालिका सुरू केली, तेव्हा लेखक रॉय थॉमस याच्या मनात चित्रकार म्हणून जॉन बुसेमा होता; परंतु कथाकार रॉबर्ट हॉवर्डच्या या नायकाचे हक्क घेताना ठरल्यापेक्षा अधिक पैसे गेले, बुसेमाचा दर परवडेना, आणि काम विशीतल्या या इंग्रज तरुणाकडे आले. त्याचे पहिले अंक मला कच्चे वाटतात. मात्र १९७३ च्या २४ व्या अंकात, म्हणजे रेड सोन्या या योद्धा स्त्रीच्या त्या प्रसिद्ध कथेत, वस्त्रांवरची वेलबुट्टी आणि मनोऱ्यांची नक्षी तो ज्या निगुतीने काढतो, ती पाहिल्यावर तुझा हट्ट समजतो. तो त्याचा या मालिकेतला अखेरचा अंक.

माझे म्हणणे पुढच्या काळाविषयी आहे. १९७४ मध्ये ‘सॅव्हेज सोर्ड ऑफ कॉनन’ निघाले ते मोठ्या आकाराचे, कृष्णधवल आणि मासिक म्हणून विकले जाणारे. त्यामुळे कॉमिक्स कोडची, म्हणजे कॉमिक्समध्ये काय दाखवावे याच्या नियमावलीची, कात्री त्याला लागू नव्हती. रंगाचा आधार नसल्यामुळे अंधार, धूळ, दगड, घाम हे सारे शाईच्या रेषेनेच उभे करावे लागे, आणि तिथेच फिलिपिनो चित्रकार आल्फ्रेडो अल्काला कामी आला. त्याला हा प्रांत नवा नव्हता. ‘व्होल्टार’ ही रानटी योद्ध्याची चित्रकथा त्याने मायदेशी १९६३ मध्येच साकारली होती.

‘सॅव्हेज सोर्ड’च्या दुसऱ्या अंकातली ‘ब्लॅक कोलॉसस’ ही कथा काढून बघ. तिची पेन्सिलीतली मूळ चित्रे बुसेमाची, त्यांवरची शाई अल्कालाची. देहाचा तोल, उगारलेल्या हाताचा जोर, घोड्याची झेप हे बुसेमाच्या पेन्सिलीचे देणे. पण भिंतीचा प्रत्येक चिरा आणि चिलखताची प्रत्येक कडी अल्कालाने एखाद्या जुन्या ताम्रपटावर कोरावी तशी बारीक रेषांनी भरली आहे. बुसेमाला हे शाईकाम रुचत नसे, आपली रेषा त्याखाली दबते अशी त्याची तक्रार होती, आणि चित्रकार म्हणून ती रास्तच आहे. तरीही वाचक म्हणून मी अल्कालाच्या बाजूने उभा राहीन, कारण त्या दाट रेषांमुळेच हॉवर्डचे प्राचीन जग खरोखर प्राचीन, झिजलेले आणि वस्तीचे वाटते. स्मिथच्या देखण्या नगरांत मला कुणी राहत असेल असे वाटत नाही. (स्त्रीपात्रे दोघांनीही बहुधा शोभेपुरतीच वापरली, हा दोष थॉमसच्या पदरातही घालावा लागेल.)

तेव्हा ती कथा आधी नुसती चित्रांसाठी पाहा, संवादांचे फुगे नंतर वाच, आणि मग स्मिथची बाजू मांडायची असेल तर खुशाल मांड. मात्र या वेळी पानांचे दाखले देऊन.

तुझा स्नेहांकित