बाबांचा एकही खाडा नाही

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हे बोलायचं राहूनच जातं म्हणून लिहितेय, आणि खरं सांगायचं तर फोनवर मला हे बोलताच आलं नसतं, कारण बाबा मधेच "बरं ते राहू दे" म्हणतात आणि मग मी पण राहू देते. तर हे निवांत वाचा. आधी आईला वाचू दे, मग बाबा.

मागे एका रविवारी बाबा तुम्ही म्हणालात की आजकाल लोकांना कामच नकोय, नुसता पगार पाहिजे. मी हो हो म्हणाले. आणि सोमवारी सकाळी कारखान्याच्या गेटवर पोचले तर ६२ जणांतले १७ जण गायब. पॅकिंग लाईनला माणूसच नाही, एक मशीन बंदच ठेवलं, दुसऱ्यावर रात्री आठपर्यंत मी स्वतः उभी, माल कसाबसा लोड करून पाठवला आणि घरी येऊन बूट न काढताच आडवी झाले. त्या रात्री तुमचं वाक्य मला शंभर टक्के पटलं होतं, सतराच्या सतरा जणांना काढून टाकायचं असं ठरवूनच झोपले. पण काढून दुसरे आणणार कुठून? दोन महिने झाले हेल्परची जाहिरात चालू होती. पोरगा येतो, फॉर्म भरतो, आयकार्ड होतं, सेफ्टी शूज घेतो आणि तिसऱ्या दिवशी फोन स्विच ऑफ. शूजसकट जातो. (माझा जीव त्या शूजमधेच जास्त अडकतो, तुमचीच मुलगी ना.)

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट काय तर, जे आले त्यांच्या डोक्यावर न आलेल्यांचं काम बसतं. बिचारा दोन दिवस दुप्पट राबतो, ओटी म्हणजे ओव्हरटाइम करतो, तिसऱ्या दिवशी पाठ धरते आणि मग तो पण खाडा मारतो, की त्याचं काम चौथ्यावर. म्हणजे जो इमानदार त्यालाच शिक्षा. हे मला कळायला दीड वर्ष लागलं, कारण मस्टरमधे फक्त कोण आलं नाही ते दिसतं, का आलं नाही ते दिसत नाही.

तुम्ही म्हणता आमच्या वेळी असं नव्हतं. बाबा, हे सगळ्यांच्याच वेळी म्हणत आलेत. झोप येत नाही तेव्हा मी मोबाईलवर याच विषयाचं वाचत बसते, तर युरोपात १३४८ च्या आसपास प्लेगची ती मोठी साथ आली, इंग्लंडमधे एवढी माणसं मेली की शेतावर राबायला मजूर मिळेना. मग राजाने १३४९ मधे हुकूम काढला आणि १३५१ मधे कायदाच केला, की मजुरांनी साथीच्या आधीच्याच मजुरीवर काम करायचं, जास्त मागायचं नाही आणि काम नाकारायचं नाही, नाकारलं तर तुरुंग. तेव्हाचे जमीनदार पण हेच म्हणत होते की लोक आळशी झालेत, माजलेत. आणि गंमत म्हणजे तेच जमीनदार गुपचूप जास्त पैसे देऊन एकमेकांचे मजूर पळवत होते. मला हसूच आलं, कारण मागच्या वर्षी शेजारच्या युनिटचा ऑपरेटर मी असाच उचललाय. तुम्हाला सांगितलं नव्हतं.

आणि थोडं गणित पण आहे यात. जपानमधे १५ ते ६४ वयाची माणसं १९९५ नंतर कमी कमीच होत चाललीत, बाकी बऱ्याच देशांची गाडी त्याच रस्त्याला लागलीय. जिथे कामाच्या वयाची माणसंच कमी आहेत तिथे कुणाच्या अंगात काम आहे की नाही हा वाद घालून काय मिळणार, माणूस जन्मालाच आला नाही तर तो दांडी कशी मारेल.

पण माझ्याकडच्या सतरा जणांचं तसं नव्हतं ना. ते जन्माला आलेले होते, पटावर होते, आणि आले नाहीत.

तर मी काय काय केलं ते सांगते, आधी सगळं चुकीचंच केलं. पहिलं म्हणजे दंड. दहा मिनिटं उशीर झाला की ठराविक रक्कम कापायची. बाबा तुम्हीच सांगितलं होतंत, खिशाला चटका बसल्याशिवाय माणूस सुधारत नाही. पहिला आठवडा सगळे वेळेवर. मग एक जण पाऊण तास उशिरा आला, मी विचारलं अरे किती वाजले, तर शांतपणे म्हणतो, "मॅडम कापून घ्या ना." संपला विषय! आधी उशीर झाला की मान खाली घालून यायचा, आता पैसे भरलेत म्हणजे हिशोब मिटला. नंतर वाचलं तर इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांमधे हेच झालं होतं, २००० साली दोघा संशोधकांनी छापलंय. आईबाप मुलांना न्यायला उशिरा यायचे म्हणून काही पाळणाघरांनी दंड लावला तर उशिरा येणारे जवळपास दुप्पट झाले, आणि नंतर दंड काढून टाकला तरी आकडा काही खाली आला नाही. लाज एकदा विकत मिळाली की परत फुकट मिळत नाही.

मग बक्षीस. महिनाभर एकही खाडा नाही त्याला बोनस, फळ्यावर नाव, टाळ्या. यात जो चार तारखेला आजारी पडला तो म्हणाला बोनस तर गेलाच, आता कशाला जीव काढायचा, आणि त्याने त्या महिन्यात अजून तीन खाडे केले. आणि दुसरा एक बोनससाठी अंगात ताप घेऊन आला, त्याच्या लाईनवरचे पाच जण पुढच्या आठवड्यात झोपले. बोनस मात्र त्याला मिळाला, नियम तो नियम.

तिसरं म्हणजे हजेरीचं सॉफ्टवेअर. त्यात एक ब्रॅडफर्ड फॅक्टर म्हणून असतो, किती वेळा गैरहजर त्याचा वर्ग करायचा आणि त्याला एकूण दिवसांनी गुणायचं. म्हणजे एखादा सलग १२ दिवस आला नाही तर स्कोअर फक्त १२, पण कुणी वर्षभरात एकेक करत तेच १२ दिवस घेतले तर १२ गुणिले १२ गुणिले १२, १७२८. कल्पना अशी की अधूनमधून मारलेली दांडी कामाला जास्त त्रास देते, आणि ते खरंच आहे. तर आमच्याकडे सगळ्यात वर नाव आलं ते पॅकिंगमधल्या एका बाईचं. माझी सगळ्यात चांगली बाई, हात असा चालतो तिचा की बघत राहावं. सॉफ्टवेअरने वॉर्निंग लेटर तयार करून ठेवलेलं, फक्त सही बाकी. मी बोलावलं. सासऱ्यांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा, एरवी दीर नेतो, दिराला जमलं नाही की ही. तिने कधी सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलंस म्हणलं तर म्हणाली, सुपरवायझरला एकदा सांगितलेलं, तो सगळ्यांसमोर म्हणाला, तुमच्या घरातलं रडगाणं इथे नको. लेटर मी फाडलं, आणि नंतर केबिनमधे बसून माझी मलाच एवढी लाज वाटली, कारण त्या सुपरवायझरला मीच सांगितलेलं की कारणं ऐकत बसू नकोस.

मग मी एकेकाला विचारायला सुरवात केली. केबिनमधे नाही, लाईनवर, काम करता करता. कारण केबिनमधे बोलावलं की माणूस पोट दुखत होतं असंच सांगतो. आणि काय निघालं माहितीये? बहुतेकांच्या खाड्यामागे आळस नव्हता, आमचं शिफ्टचं शेड्यूल होतं. आम्ही उद्याची शिफ्ट आज रात्री साडेनऊला ग्रुपवर टाकायचो. ज्याने पोराला शाळेत सोडायचं ठरवलंय त्याला रात्री कळणार की उद्या फर्स्ट शिफ्ट. ज्याची गाडी बंद पडलीय त्याला रात्री दहाला लिफ्ट कोण देणार? आणि कुणाला अर्धाच दिवस सुट्टी हवी असेल तर तशी सोयच नाही, सुपरवायझरला विचारून बोलणी खाण्यापेक्षा फोन बंद करून पूर्ण दिवस घरी बसलेलं बरं. मी उंटावरून शेळ्या हाकत होते अक्षरशः.

आता शिफ्टची लिस्ट दोन आठवडे आधी लागते. आपसात बदली करायची मुभा, फक्त कळवायचं. अर्धी रजा मिळते. दोन माणसं जास्तीची ठेवली, रिलीव्हर म्हणून, म्हणजे न आलेल्याचं काम शेजारच्यावर पडत नाही. आमचे अकाउंटवाले म्हणाले हा फालतू खर्च आहे, मी ओटीचं बिल दाखवलं, मग गप्प. सुपरवायझरला काढला नाही, त्याला पण कुणी कधी शिकवलं नव्हतं, पण रजेचा फोन आता त्याच्याकडे जात नाही.

बाबा, तुम्हाला मशीनचं आवडतं म्हणून हे खास. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक कारखाना होता, तिथे रोज पाचातला एक कामगार येतच नसायचा, शेवटी १९८२ मधे बंद केला. १९८४ मधे टोयोटासोबत भागीदारीत तोच कारखाना परत सुरू केला, आणि कामावर घेतले बहुतेक तेच जुने लोक, ज्यांना सगळे कामचुकार म्हणायचे. गैरहजेरी दोनचार टक्क्यांवर आली. माणसं तीच! फरक एवढाच की चूक दिसली तर कुठलाही कामगार दोरी ओढून लाईन थांबवू शकायचा, आणि पुढे मागणी पडली तेव्हा लोकांना घरी बसवलं नाही, ट्रेनिंगला लावलं. आता मी काही टोयोटा नाही. पण लाईन थांबवायचं लाल बटण मी पण बसवलंय, पहिल्या दिवशी कुणी हात लावायला तयार नव्हतं.

लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. १७ चे आता सहासात असतात, शून्य कधीच होत नाही. आणि दोघं जण खरेखुरे अंगचोर निघाले, सगळी सोय देऊन पण नुसत्या पाट्या टाकायचे, त्यांना काढलं आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही. म्हणजे तुमचं वाक्य अगदीच खोटं नाहीये. ६२ त दोन एवढं खरं आहे.

आता मूळ गोष्ट. मोटारवाल्या हेन्री फोर्डबद्दल वाचत होते, १९१३ मधे त्याच्या कारखान्यात १४००० माणसं टिकवायला वर्षात ५२००० च्या वर भरती करावी लागायची, एवढे लोक सोडून जायचे, कारण असेंब्ली लाईनवर दिवसभर एकच नट आवळून माणसाचं डोकं फिरायचं. जानेवारी १९१४ मधे त्याने दिवसाचे पाच डॉलर केले, आधीच्या दुपटीहून जास्त, आणि ९ तासांचे ८. लोक टिकले. हे सगळे सांगतात. पण पुढचं कुणी सांगत नाही, की ते पैसे मिळायला कंपनीची माणसं घरी येऊन बघायची, दारू पितो का, घर नीट आहे का, बचत करतो का. आणि बायकांना सुरवातीला त्या पाच डॉलरमधे धरलंच नव्हतं. हे वाचताना मला एकदम आपलं घर आठवलं.

बाबा, ते तुमचं सर्टिफिकेट, भिंतीवरचं. ३१ वर्षं, एकही विनापरवाना खाडा नाही. मी लहानपणापासून बघतेय ते, आणि ऑफिसात लोकांना अभिमानाने सांगते पण. परवा सहज बोटावर मोजत बसले. मला टायफॉईड झाला तेव्हा दवाखान्यात तीन आठवडे कोण होतं? आई. दादाचा हात मोडला, प्लास्टर, ड्रेसिंग, शाळेतून आणणं? आई. आजी दोन वर्षं अंथरुणाला होती, रात्री उठून कूस बदलायची ती कोण? तुमची नाईट असायची तेव्हा आम्हाला दिवसभर चिडीचूप ठेवायची, पडदे ओढून, कुकरची शिट्टी पण होऊ द्यायची नाही. आणि तिची नोकरी, जी तिने आजीच्या वेळी सोडली, तिथे शेवटच्या वर्षात तिचे किती खाडे झाले असतील? तिच्या साहेबाने पण म्हणलं असेल, बायकांना कामच नको असतं.

तुम्ही कष्ट केले नाहीत असं मी म्हणत नाहीये बाबा, प्लीज तसं घेऊ नका. गुडघे दिसतात मला तुमचे. तापात पण गेलायत तुम्ही. पण तुमच्या नावापुढे जी "हजर" लागली ना रोज, ती लावायला घरी एक माणूस कायम रिलीव्हरच्या जागी उभं होतं, आणि माझ्या ६२ जणांतल्या बहुतेकांच्या घरी तसं कुणी नाहीये, नवरा बायको दोघं कामावर, किंवा एकटीच. मी त्यांना तुमच्या सर्टिफिकेटच्या मापाने मोजत होते.

आई, तू हे वाचून म्हणशील काय जुनं उकरून काढलंस. तू कधी बोललीच नाहीस, म्हणून मीच बोलले. मला एक खरं सांग, तू नोकरी सोडलीस तेव्हा तुला सोडायची होती का? मी कधी विचारलंच नाही. फोनवर नको, बाबा शेजारीच असतात.

बाकी मी बरी आहे, पाठ अधूनमधून दुखते. पुढची लिस्ट काल लावली, पहिल्यांदाच तिच्यात माझं पण नाव घातलंय आणि १४ ते १७ तारखेसमोर रजा लिहिलीय. सगळ्यांनी येऊन वाचलं, एकाने विचारलं मॅडम तुमची बदली कोण. आहे म्हणलं. त्या चार दिवसांत घरचं सगळं मी आणि बाबा बघणार. बाबा, गॅस कसा पेटवायचा ते तेवढं विचारून ठेवा आईला.

तुमची,
मोठी