इतिहासाचे भूमिका-खेळ मराठीतही हवेत

प्रति,
संपादक,

महोदय,

शाळेतील इतिहासाच्या तासाची दशा आणि मुलांचा पडद्यापुढे जाणारा वेळ, या दोन्ही विषयांवर वृत्तपत्रांतून सातत्याने लिहिले जाते. या दोहोंशी जवळचा संबंध असलेला, पण आपल्याकडे फारसा चर्चेत न आलेला एक विषय वाचकांपुढे मांडावा म्हणून हे पत्र लिहीत आहे. टेबलाभोवती बसून खेळायचे भूमिका-खेळ, ज्यांना तरुण मंडळी ‘टेबलटॉप आरपीजी’ म्हणतात, आणि त्यांतही ज्यांचा काळ आणि प्रदेश इतिहासातून घेतलेला असतो असे खेळ, हा तो विषय होय.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण एकत्र बसतात. प्रत्येकापुढे एक कागद असतो आणि त्यावर त्याच्या पात्राचे नाव, घराणे, अंगचे गुण, कोणाशी वैर आणि कोणाचे देणे हे सारे लिहिलेले असते. एक जण निवेदक आणि पंच अशी दोन्ही कामे पाहतो. त्याला गेम मास्टर म्हणतात. तो प्रसंग सांगतो, खेळाडू आपापले पात्र काय बोलेल आणि काय करील ते सांगतात, आणि एखादी गोष्ट साधेल की नाही याची शंका असेल तेथे फासे टाकले जातात. बहुतेक वेळा कोणी जिंकत नाही आणि कोणी हरतही नाही. एक बैठक तीन-चार तास चालते, पुढच्या बैठकीत तीच पात्रे पुढे चालू राहतात, आणि काही कथानके वर्षानुवर्षे रंगतात.

या खेळांचे नाव निघाले की लोकांना ड्रॅगन आणि जादूगार आठवतात, कारण गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हाच त्यांतला सर्वांत गाजलेला खेळ. परंतु या प्रकाराचे मूळ अद्भुतकथेत नसून युद्धाच्या आणि इतिहासाच्या अभ्यासात आहे. प्रशियाच्या सैन्यातील धाकटे राइसविट्झ यांनी १८२४ साली ‘क्रीगश्पील’ या नकाशावरच्या युद्धसरावाचे नियम सिद्ध केले. त्यात शत्रूची जेवढी हालचाल आपल्या टेहळणीला दिसली असती तेवढीच पंच खेळाडूला सांगत असे. पुढे १९६९ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनच्या काळातल्या एका काल्पनिक गावाचा खेळ मांडला आणि खेळाडूंच्या हाती पलटणी न देता त्यांना एकेका माणसाची भूमिका दिली. कोणी महापौर झाला, कोणी विद्यापीठाचा प्रमुख, कोणी विद्यार्थ्यांचा पुढारी. त्या खेळाडूंमध्ये आर्नेसनही होते. म्हणजे ऐतिहासिक खेळ ही या वृक्षाची मागाहून फुटलेली फांदी नाही. तिथूनच त्याची सुरुवात झाली.

माझे म्हणणे असे की, मराठ्यांच्या इतिहासावर असा खेळ मराठीत, मराठी साधनांच्या आधाराने रचला जावा, आणि त्यात थोर पुरुषांच्या भूमिका खेळाडूंना न देता त्या काळच्या सामान्य माणसांच्या भूमिका द्याव्यात. या दुसऱ्या अटीवर माझा विशेष भर आहे. छत्रपतींच्या किंवा पेशव्यांच्या नावाने कोणी काहीही बोलावे हे आपल्या समाजाला रुचणार नाही, आणि ती भावना मला रास्त वाटते. पण त्याहून मोठे कारण खेळाच्या रचनेतच आहे. थोर पुरुषाने पुढे काय केले हे खेळाडूला आधीच पाठ असते, त्यामुळे त्या भूमिकेत शिरून तो निर्णय घेत नाही, धडा म्हणून दाखवतो. दिवाळीत आपली मुले अंगणात किल्ला करतात, महाराजांना वर सिंहासनावर बसवतात आणि पायथ्याशी मावळ्यांची रांग लावतात. या खेळात त्या रांगेतला एक मावळा उचलायचा आणि तो कोणत्या गावचा, त्याच्या घरी कोण आहे, तो इथे का आला, हे विचारायचे.

ज्यांनी हे उत्तम साधले आहे अशा खेळांत मी ‘पेंड्रॅगन’चे नाव प्रथम घेईन. ग्रेग स्टॅफर्ड यांचा हा खेळ १९८५ साली प्रसिद्ध झाला. त्याचा विषय राजा आर्थरच्या दंतकथा हा आहे, म्हणजे काटेकोरपणे पाहता तो इतिहास नाही. तरी सरंजामी समाजाचे व्यवहार त्यात जितके जाणवतात तितके अनेक जाडजूड ग्रंथांतही जाणवत नाहीत. यात आर्थर कोणालाही होता येत नाही. खेळाडू त्याच्या राज्यातले सरदार असतात. प्रत्येक सरदाराच्या स्वभावाच्या तेरा जोड्या कागदावर मांडलेल्या असतात, जसे क्षमाशील आणि सूडबुद्धीचा, उदार आणि स्वार्थी, दयाळू आणि क्रूर. आणि प्रत्येक जोडीतील अंकांची बेरीज वीसच असावी लागते, म्हणून एक बाजू वाढली की दुसरी घटते. त्याशिवाय स्वामिनिष्ठा, कुटुंबप्रेम आणि वैर यांनाही अंक असतात. ऐन प्रसंगी पात्राचा हा स्वभाव खेळाडूच्या हिशेबी बुद्धीच्या आड येऊ शकतो. मोहिमेनंतर हिवाळा येतो, सरदार घरी परततो, आणि जमिनीचे उत्पन्न, घोडी जगली की मेली, लग्ने, मुलांचे जन्म आणि वाढते वय यांचा फाशांनी निकाल लागतो. वडील गेले की खेळाडू मुलाची भूमिका घेतो. एकच घराणे असे पिढ्यान् पिढ्या खेळता येते.

हे वाचताना मराठी माणसाला आपला इतिहास आठवल्याशिवाय कसा राहील? पावसाळ्यात फौज छावणीला आणायची आणि दसऱ्याला पुन्हा मुलूखगिरीस बाहेर काढायची, हे शिवकाळातील लष्कराचे वर्ष सभासदाच्या बखरीतून आपल्याला ठाऊक आहे. पेंड्रॅगनमधला हिवाळा म्हणजे आपला पावसाळा. निष्ठा आणि घराणे यांच्यातला जो पेच तो खेळ उभा करतो, तो तर आपल्याकडे कागदोपत्री नोंदलेला आहे.

१६५९ सालचे मावळ घ्या. अफझलखान आदिलशाहीची फौज घेऊन निघाला आहे, आणि त्याला येऊन मिळावे म्हणून त्या वर्षीच्या जून महिन्यात मावळातील देशमुखांना विजापूरची फर्माने येत आहेत. वतन आदिलशाहीने मान्य केलेले आहे, तेव्हा ते काढून घेण्याचा धाकही तिच्याच हाती आहे. कान्होजी जेधे आपल्या पाच मुलांसह राजगडावर गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. खंडोजी खोपडे खानाला मिळाले. पुढे काय झाले हे आपण जाणतो, म्हणून एकाची निवड आपल्याला सहज आणि दुसऱ्याची अनाकलनीय वाटते. पण जून महिन्यात प्रतापगड कोणालाच दिसत नव्हता. आता असे समजा की चार खेळाडू एका कल्पित देशमुखी घराण्यातले आहेत: कर्ता, त्याचा वाटणी मागणारा धाकटा भाऊ, घरातली वडीलधारी स्त्री आणि फर्मान वाचून सांगणारा कारकून. वाईला तळ पडल्याच्या बातम्या येत आहेत, शेजारचा देशमुख काय करणार हे कळत नाही, आणि त्याच्याशी शिवेचा जुना तंटा आहे. या चौघांना दोन तास वाद घालू द्या. कान्होजींच्या त्यागाची किंमत त्यांना जेवढी कळेल तेवढी पाठ्यपुस्तकातल्या गौरवाच्या परिच्छेदाने कळणार नाही, असे मी इतिहासाचा शिक्षक म्हणून पूर्ण विचारांती लिहीत आहे.

इथे कोणी म्हणेल की खेळाडूंनी इतिहासच बदलला तर? या शंकेचे सर्वांत चांगले उत्तर जेसन मॉर्निंगस्टार यांच्या २००७ सालच्या ‘ग्रे रँक्स’ या खेळात आहे. १ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्सा शहरात जर्मनांविरुद्ध उठाव झाला, तो ६३ दिवस चालला आणि २ ऑक्टोबरला शरणागतीने संपला. या खेळातले खेळाडू त्या उठावात उतरलेली किशोरवयीन मुले-मुली असतात. फासे कसेही पडोत, उठाव चिरडला जाणार हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत असते. प्रश्न एवढाच उरतो की या मुलांचे काय होईल, आणि आपल्याला प्रिय असलेली कोणती गोष्ट कोण कशासाठी पणाला लावील. मोठा इतिहास जसा घडला तसाच राहतो; अनिश्चित असतात ती लहान माणसे. पानिपतावरचा खेळ असाच असावा. त्या पराभवाच्या निरोपात मोत्यांचा आणि मोहरांचा हिशेब आला, पण रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नव्हती, हे मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. १७६० च्या अखेरीस छावणीची रसद तुटल्यावर तिथे अडकलेले बाजारबुणगे, यात्रेकरू, चाकर आणि घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार यांच्या भूमिका घेऊन त्या गणतीबाहेरच्या माणसांकडे पाहता येईल. १४ जानेवारी १७६१ चा निकाल त्यात बदलायचा नाही.

दुसरा मुद्दा नियमांचा. खेळाचा नियम म्हणजे त्या काळाविषयीचे एक मतच असते, म्हणून नियम कोण लिहितो याला फार महत्त्व आहे. बारगीर सरकारी घोड्यावर बसतो आणि शिलेदार स्वतःच्या. घोडा मेला तर बारगिराला दुसरा मिळेल, शिलेदाराची मात्र उपजीविकाच जाईल. एवढा एक फरक नियमात आणला तर रणांगणावर कोण किती पुढे जाईल हे खेळाडूला व्याख्यानाशिवाय समजते. परक्यांनी लिहिलेल्या नियमांत हे येणार नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्याच प्रकाशकांनी १९८५ साली पूर्वेकडील देशांवर जे पुस्तक काढले, त्यात मुख्यतः जपानच्या कल्पना घेऊन वेगवेगळ्या देशांची सरमिसळ केली गेली, आणि तिच्यावर पुढे कठोर टीका झाली. आपल्या बाबतीत तसे होण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आपल्याकडे शकावल्या म्हणजे घटनांच्या तारीखवार नोंदी आहेत, करीने म्हणजे घराण्यांच्या हकिकती आहेत, महजर म्हणजे तंट्यांची निवाडापत्रे आहेत, आणि यांतले पुष्कळसे संशोधकांनी छापून ठेवले आहे. गोतसभेपुढे, म्हणजे वतनाचे तंटे निवडणाऱ्या स्थानिक सभेपुढे, आलेला पाटीलकीचा एखादा तंटाच घेतला तर तलवार न उपसता दोन-तीन बैठकींचा उत्कृष्ट खेळ होतो. साक्षी, जुने कागद, दबाव, भाऊबंदकी, सारे त्यात आहे.

अशा खेळात जात येणार, आणि ती यायलाच हवी असे माझे मत आहे. ती गाळून रंगवलेला अठराव्या शतकातला गाव खोटा असेल. परंतु खेळाच्या नावाखाली कोणाचा अपमान होता कामा नये, आणि आपल्या पूर्वजांनी सोसलेली अवहेलना पुन्हा टेबलावर सोसण्याची सक्ती कोणावरही नसावी. जाणते खेळाडू पहिल्या बैठकीआधी एकत्र बसून कोणत्या गोष्टी खेळात आणायच्या नाहीत आणि कोणत्या केवळ उल्लेखावर सोडायच्या हे ठरवतात. मराठी नियमपुस्तिकेत ही पद्धत पहिल्याच पानावर, सक्तीची म्हणून असावी.

शिक्षणात हे चालते का, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील बर्नार्ड कॉलेजने दिले आहे. तेथील इतिहासाचे प्राध्यापक मार्क कार्न्स यांनी १९९० च्या दशकात सुरू केलेल्या उपक्रमात विद्यार्थी मूळ कागदपत्रे वाचून भूमिका घेतात आणि कित्येक तासिका आपली बाजू लढवतात. यातला एक खेळ १९४५ सालच्या सिमला परिषदेवर आहे. काँग्रेस, मुस्लीम लीग आणि इतर पक्षांच्या बाजूने अमेरिकेतले विद्यार्थी भारताच्या भवितव्यावर वाद घालतात. आपल्या फाळणीपूर्व राजकारणाचा असा अभ्यास तिकडे होतो आणि आपल्या वर्गांत मात्र त्याची तीन कारणे लिहा म्हणून विचारले जाते, हे मनाला लागते. येथे व्हाइसरॉयसारख्या मोठ्या व्यक्तींच्याही भूमिका असू शकतात, हे मला मान्य आहे. परंतु महाविद्यालयीन वर्गात, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली आणि वाचनाच्या अटीवर ते शोभते, घरगुती बैठकीत नाही.

खर्चाची अडचण यात नाही. कागद, पेन्सिल आणि फासे एवढेच लागते. अडचण आहे ती इंग्रजीची. आज महाराष्ट्रात जे थोडे तरुण हे खेळ खेळतात ते बहुतेक इंग्रजी पुस्तकांवरून खेळतात, आणि तालुक्याच्या गावातला मराठी शाळेचा विद्यार्थी त्यापासून दूर राहतो. म्हणून पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ यांसारख्या संस्थांना माझी विनंती आहे की त्यांनी मोडी जाणणारे अभ्यासक आणि हा खेळ जाणणारे तरुण यांना एकत्र बसवावे आणि शंभरेक पानांची एक मराठी नियमपुस्तिका तयार करवून घ्यावी. पहिला विषय म्हणून मी १६५९ चे मावळ सुचवतो, कारण जेधे शकावली आणि जेधे करीना ही दोन्ही साधने छापील स्वरूपात उपलब्ध आहेत आणि प्रदेश आजही पायी फिरून पाहता येतो. पुस्तिकेचा कच्चा खर्डा झाल्यास तो वर्गात खेळून पाहण्यास, कुठे नियम अडतो आणि कुठे इतिहास निसटतो याची टिपणे काढून पाठवण्यास, मी आणि माझे विद्यार्थी तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक इतिहास शिक्षक, वाई