रांजण उघडायचे दिवस

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र पोचलं. दादांचं वर्षश्राद्ध नीट पार पडलं हे वाचून बरं वाटलं. मला येता आलं नाही याची चुटपुट आहेच. खोली अजून तशीच ठेवलीयस म्हणालास, म्हणून हे लिहितोय.

सध्या जुन्या अथेन्सचे सण वाचतोय. त्यांचा एक अँथेस्टेरिया. ‘अँथोस’ म्हणजे फूल. साधारण आपल्या माघ-फाल्गुनात, त्यांच्या अँथेस्टेरिऑन महिन्याच्या ११, १२ आणि १३ तारखेला. पहिल्या दिवशी नव्या वाईनचे रांजण उघडायचे, पहिला मान वाईनच्या देवाचा, डायोनायससचा. दुसरा दिवस पिण्याचा, गुलामांनाही त्यात वाटा. पण गंमत ऐक: प्रत्येकाचं टेबल वेगळं, तीनेक लिटरची सुरई वेगळी, तुतारी वाजली की मुकाट्याने प्यायचं. आधी संपवणाऱ्याला बक्षीस! का, तर म्हणे त्यांच्या पुराणकथेतला ओरेस्टिस आईचा खून करून तिथे आला होता. हाकलावं तर पाहुणा, पंगतीला घ्यावं तर विटाळ. राजाने सगळ्यांनाच वेगळं बसवलं. आपल्याकडच्या कुठल्या आजीलाही हेच सुचलं असतं.

त्याच दिवशी तीन वर्षांच्या पोरांना फुलांचे मुकुट घालत. पोरांच्या चिमुकल्या सुरयाही सापडल्यात, त्यांतल्या कितीतरी लहान मुलांच्या थडग्यांत. तिथे मी पुस्तक मिटलं.

आणि याच दिवसांत मेलेली माणसं गावात येतात, अशी समजूत. म्हणून दारांना डांबर फासायचं, सकाळी एका काटेरी झुडपाची पानं चावायची. दादांना पोचवून आल्यावर आपण दारात कडुलिंब चावला होता, आठवतं? तिसऱ्या दिवशी मडक्यात सगळी धान्यं एकत्र शिजवून पाताळातल्या हर्मिस देवाला द्यायची, माणसाने तोंड लावायचं नाही. शेवटी आरोळी: ‘बाहेर व्हा, केरेस! अँथेस्टेरिया संपला.’ केरेस म्हणजे भुतं. काही पंडित म्हणतात, शब्द ‘कारेस’ आहे, म्हणजे कारिया प्रांतातले गुलाम. सण संपला, कामाला लागा! असेलही. मला भुतंच पटतात. तीन दिवस पाहुणचार करून सरळ तोंडावर ‘निघा आता’ म्हणायचं, हे आपल्याला कुठे जमतं?

पुढच्या महिन्यात येतोय. पुस्तकं बांधायला दोघं लागतील. दादांचा अडकित्ता मात्र मी घेणार, आत्ताच सांगतो.

वहिनींना नमस्कार, चिमीला पापा.

तुझा,
दिन्या