घरबसल्या ग्रंथशोध: थोडी वस्तुस्थिती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या पुरवणीतील राष्ट्रीय ग्रंथालये आता घरबसल्या कशी धुंडाळता येतात, हे सांगणारा लेख वाचला. लेखकाचा उत्साह कौतुकास्पद आहे. मात्र त्यांनी एखादे जुने मराठी शीर्षक त्या शोधचौकटीत स्वतः लिहून पाहिले असते, तर लेख बहुधा निम्म्यावरच थांबला असता.

सातारा जिल्ह्याचे कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी 1886 मध्ये कोचीनहून काढलेले 'केरळकोकिळ' हे मासिक आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. गेल्या पावसाळ्यात एका अभ्यासक मुलीसाठी मी त्याचे अंक एका मोठ्या ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत (कॅटलॉगमध्ये) शोधत होतो (ग्रंथालयाचे नाव लिहीत नाही, तेथील माणसे भली आहेत). देवनागरीत जोडून लिहिले, तोडून लिहिले, 'ळ'च्या जागी 'ल' घातला, मग रोमन लिपीकडे वळलो; प्रत्येक वेळी 'नोंद आढळली नाही' हेच विनम्र उत्तर. शेवटी तेथील एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याने दूरध्वनीवर माझे म्हणणे ऐकून घेतले, जुन्या कार्डांचा खण उघडला आणि पाऊण तासात अंक असल्याचे कळवले. संगणकावर ते 'मराठी मासिके, संकीर्ण' अशा एकाच नोंदीत बांधीव खंड म्हणून पडून होते. ज्याला मासिकाचे नाव ठाऊक आहे, त्याने ते 'संकीर्ण' म्हणून शोधावे अशी अपेक्षा असेल, तर तसा खुलासा मुखपृष्ठावर करावा.

दोष यंत्राचा नाही. रोमन लिप्यंतरात 'ळ' दाखवण्यासाठी अक्षराखाली टिंब देतात आणि सामान्य वाचकाच्या कळफलकावर ते टिंब नसते. 1962 च्या लेखननियमांपूर्वीची शीर्षके तेव्हाच्या अनुच्चारित अनुस्वारांसकट नोंदलेली असली, तर आजच्या लेखनाने ती हाती लागतीलच असे नाही. नोंद करणाऱ्याने पर्यायी रूपे जोडली, तर हा सारा खटाटोप वाचतो. पण त्यासाठी मराठी जाणणारा तालिकाकार नेमावा लागतो, आणि निविदा मात्र संगणकांच्या निघतात. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातील मराठी ग्रंथांची सूची संगणकाशिवाय केली, हे येथे नम्रपणे नमूद करतो. 1954 च्या कायद्याने प्रकाशकांना आपल्या पुस्तकांच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना द्याव्या लागतात. परंतु प्रत पोहोचणे आणि ती वाचकाला सापडणे यांतील अंतर त्या कायद्याने मोजलेले नाही. आपल्या लेखकानेही मोजलेले नाही. त्या मुलीच्या मार्गदर्शकांनी तर 'तालिकेत नाही, म्हणजे अंक उपलब्ध नाहीत' असे प्रबंधात लिहून टाकण्याचा सल्ला दिला होता.

जाता जाता आपल्याच घरातील एक गोष्ट. 1956 च्या दुरुस्तीने वृत्तपत्रेही त्या कायद्याच्या कक्षेत आली. असे असताना आपल्या संकेतस्थळावरील 'मागील अंक' हे दालन मोजक्या वर्षांपलीकडे उघडत नाही. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपानंतरच्या आठवड्यातील आपले अंक मला पाहायचे आहेत आणि त्याविषयीच्या माझ्या दोन पत्रांना उत्तर आलेले नाही. ते अंक कार्यालयात बांधून ठेवलेले असतील, तर कोणत्या वारी व कोणत्या वेळी यावे, एवढे कृपया कळवावे.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा