कस्टरविषयी, थोडे सविस्तर

प्रिय वसंत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. 'कस्टर म्हणजे अमेरिकेचा प्रतापराव गुजर' हे तुझे वाक्य मला पटले नाही, आणि का पटले नाही ते सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र. नेसरीला प्रतापराव चालून आलेल्या बहलोलखानावर तुटून पडले होते; 25 जून 1876 रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी चालून गेला तो अमेरिकी घोडदळाचा अधिकारी कस्टर, आणि समोर होती ती बायकामुलांसह उतरलेल्या लाकोटा आणि शायान या तिथल्या मूळ रहिवासी जमातींची छावणी. मोजक्या स्वारांनिशी मरण पत्करले, एवढ्यावरून दोघांना एका पंगतीत बसवता येणार नाही.

माणूस शूर होता, यात वाद नाही. वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत वर्गात शेवटचा आलेला हा मुलगा यादवी युद्धात तेविसाव्या वर्षी ब्रिगेडियर जनरल झाला आणि गेटिसबर्गला त्याने मिशिगनच्या स्वारांना घेऊन स्वतः पुढे राहून हल्ला चढवला. पण त्याच्या पराभवाची चर्चा निघाली की लोक दोनच गोष्टी बोलतात: एक तर तो हुतात्मा, नाहीतर कीर्तीच्या हव्यासापायी पलटण बुडवणारा उतावळा मूर्ख. मला दुसरे मतही पहिल्याइतकेच सोयीचे वाटते. सगळे खापर एका माणसाच्या डोक्यावर फुटले की त्याला तिथे पाठवणारे सरकार अलगद सुटते.

नोव्हेंबर 1868 मध्ये वॉशिटा नदीकाठी त्याने काय केले ते पाहा. शायान लोकांचा प्रमुख ब्लॅक केटल शांतता राखू पाहणारा म्हणून ओळखला जाई. त्याच्या गावावर कस्टरने पलटणीचे भाग पाडून पहाटे चहूबाजूंनी छापा घातला; ब्लॅक केटल आणि त्याची पत्नी मारली गेली, 53 बायकामुले कैद झाली, शेकडो घोडी गोळ्या घालून मारली. आसपासच्या गावांतले योद्धे चालून येऊ लागले तेव्हा या कैद्यांमुळेच त्याला सुखरूप निघता आले, आणि वरिष्ठांनी त्याची पाठ थोपटली. आठ वर्षांनी त्याने तोच डाव पुन्हा टाकला. लिटल बिगहॉर्नला रेनो आणि बेंटीन या हाताखालच्या अधिकाऱ्यांना वेगळे काढून स्वतः पाच तुकड्यांसह उत्तरेकडे सरकताना पळणाऱ्या बायकामुलांना गाठण्याचा त्याचा बेत असावा, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते आणि मलाही तेच पटते. ती लष्कराने मान्य केलेली रीतच होती. या वेळी छावणी फार मोठी निघाली आणि रीत अंगाशी आली.

त्याने बेंटीनला धाडलेली शेवटची चिठ्ठी उपलब्ध आहे. घेऊन जाणारा बिगुलवाला इटलीहून आलेला, इंग्रजी जेमतेम, म्हणून निरोप तोंडी न देता अधिकाऱ्याने कागदावर खरडला: चला, मोठे गाव आहे, त्वरा करा, सामान आणा. खाली ताजा कलम, त्यातही पुन्हा सामानच. सामान म्हणजे दारूगोळा लादलेली खेचरे. ती पोचली नाहीत, आणि कस्टरसोबतचे सुमारे 210 जण मारले गेले. त्यांत त्याचे दोन भाऊ, एक भाचा आणि एक मेहुणा होते.

पुढची दंतकथा रचली ती तिथे नसलेल्यांनी. पत्नी लिबीने तीन पुस्तके लिहिली आणि ती 1933 पर्यंत जगली. तिच्या हयातीत अनेकांनी तोंड आवरले. 1896 पासून एका बिअर कंपनीने 'शेवटच्या लढाई'चे चित्र गुत्त्यागुत्त्यांतून टांगले. त्यात कस्टर तलवार परजतो आहे. प्रत्यक्षात पलटणीने तलवारी मागेच ठेवल्या होत्या आणि त्याने केसही बारीक कापून घेतले होते. लढाई भुकेल्या माणसाला जेवायला लागेल तेवढ्या वेळात आटोपली, असे जिंकणाऱ्यांच्या बाजूने सांगितले जात होते. रेड हॉर्स या लाकोटा योद्ध्याने 1881 मध्ये तिची चित्रेही काढली. पण ते कोण मानणार? 1983 च्या वणव्यात माळावरचे गवत जळाले, उत्खनन झाले आणि काडतुसांवरचे ठसे ताडून कोणती बंदूक कुठून कुठे सरकली ते मांडता आले, तेव्हा कुठे त्या साक्षींना वजन आले. शंभर वर्षे ज्यांचे शब्द खोटे ठरवले, त्यांच्या बाजूने काडतुसांनी बोलावे लागले, याचा मला आजही राग येतो.

रणभूमीवरचे कस्टरचे नाव 1991 मध्ये कायद्याने काढले आणि 2003 मध्ये तिथे मूळ रहिवाशांचे स्मारक उभे राहिले. हे योग्यच झाले, पण नावाच्या वादात मूळ कज्जा मागे पडतो. ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख 1868 च्या तहाने लाकोटांना दिलेला होता. 1874 मध्ये तिथे सोने असल्याची बातमी आणली ती कस्टरच्याच मोहिमेने. मग सरकारने फर्मान काढले की ऐन हिवाळ्यात, 31 जानेवारी 1876 च्या आत सर्वांनी राखीव मुलखात हजर व्हावे, नाहीतर शत्रू समजू. जून महिन्यातली लढाई त्यातून उद्भवली. कस्टर हरला, पण 1877 मध्ये डोंगर गेले ते गेलेच. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याजासह दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई मान्य केली. लाकोटांनी ती घेतलेली नाही, त्यांना जमीन हवी आहे.

तुझे म्हणणे सवडीने कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत