‘डेकॅमेरॉन’ वगळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्याकडच्या एका फिल्म क्लबने इटालियन दिग्दर्शक पासोलिनीचे चित्रपट लावले, त्यातून १९७१चा ‘डेकॅमेरॉन’ मात्र ‘चावट’ म्हणून गाळला. मला हे मुळीच पटलेलं नाही. १९६४मध्ये बायबलमधल्या सेंट मॅथ्यूच्या शुभवर्तमानावर चित्रपट करणाराच हा दिग्दर्शक. दोन्हींत नवखे नट, गरिबांचे रापलेले चेहरे. चौदाव्या शतकातला इटालियन लेखक बोकाच्चो याच्या ‘डेकॅमेरॉन’मधल्या गोष्टी त्याने नेपल्सच्या बोलीत आणल्या. मुक्याचं सोंग घेऊन ख्रिस्ती जोगिणींच्या (नन्सच्या) मठात शिरलेल्या तरुणाची फजिती पाहताना हसू आवरत नाही. आणि त्याच चित्रपटात पासोलिनी स्वतः जुना थोर चित्रकार जोत्तो याचा शिष्य होऊन चर्चची भिंत रंगवतो! देह आणि देव त्याने एकाच भिंतीवर आणले. ‘डेकॅमेरॉन’पासून सुरू झालेली तीन चित्रपटांची मालिका त्याने १९७५मध्ये जाहीरपणे नाकारली, बाजाराने देहालाही गिळलं, असं त्याचं दुःख होतं. ते दुःख ‘डेकॅमेरॉन’ न पाहता कसं कळणार?

आपलं विदर्भाचं लोकनाट्य, खडी गंमतही गणाने, म्हणजे गणेशस्तुतीने सुरू होते आणि पुढे नाच्याच्या चावट बोलांवर गावच्या गाव हसतं. मी लहानपणी आजीच्या मांडीवर बसून ती पाहिली आहे. क्लबने ‘फक्त प्रौढांसाठी’ अशी पाटी लावावी, पण चित्रपट दाखवावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, महाल, नागपूर